पाण्याचं विद्युत अपघटन बिघडतंय? आधी धनाग्र तपासा

"पुस्तकात लिहिलंय, हायड्रोजन दुप्पट आणि ऑक्सिजन एकपट. आमच्या एका नळीत भरपूर वायू जमला, दुसरीत जवळपास काहीच नाही, आणि पाणी हिरवट झालं. कुठे चुकलं?" पाण्यातून वीज सोडून त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करण्याचा, म्हणजे विद्युत अपघटनाचा प्रयोग केला की नववी-दहावीची मुलं हा प्रश्न दर वर्षी विचारतात. विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की त्यांचे पालकही विचारतात.

बहुतेक वेळा जोडणी बरोबर असते. बॅटरी चालू असते, ऋणाग्रावर, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या अग्रावर, हायड्रोजनही व्यवस्थित सुटत असतो. गडबड धनाग्रावर असते. बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या या अग्रावर इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात. ते पाण्याकडूनच घेतले जातील असं मात्र ठरलेलं नसतं. तिथे हजर असलेल्यांपैकी जो सगळ्यात सहज इलेक्ट्रॉन देईल, त्याच्याकडून ते जातात. पाण्याने दिले तर ऑक्सिजन सुटतो, मिठातल्या क्लोराइड आयनांनी दिले तर क्लोरीन. तांब्याच्या तारेने दिले तर वायू सुटतच नाही, तारच विरघळू लागते. म्हणून प्रयोग फसला की स्वतःला पहिला प्रश्न हा विचारायचा: माझ्या भांड्यात धनाग्रावर इलेक्ट्रॉन कोण देतंय? खालच्या बहुतेक अडचणी या एका प्रश्नाने सुटतात, आणि विद्युत रसायनशास्त्राचा पायाही याच प्रश्नात आहे.

ही अडचण प्रयोगाइतकीच जुनी आहे. १८०० साली व्होल्टाच्या विद्युतघटमालेची, म्हणजे पहिल्या बॅटरीची, बातमी लंडनला पोचली आणि विल्यम निकोल्सन व अँथनी कार्लाइल यांनी ती वापरून पाण्यातून वीज सोडली. सुरुवातीला त्यांनी पितळी तारा घेतल्या होत्या. एका तारेवरून बारीक बुडबुड्यांची धार सुरू झाली. दुसऱ्या तारेवर बुडबुडे नव्हते, ती आधी नारिंगी आणि मग काळी पडत गेली. पितळ स्वतःच इलेक्ट्रॉन देत होतं. त्यांनी प्लॅटिनमच्या तारा लावल्यावर दोन्हीकडे वायू आले. तुमच्या टेबलावर लोखंडी खिळा तांबूस होतो तेव्हा तीच पितळी तार तुम्ही पुन्हा बघत असता.

बुडबुडेच येत नाहीत

हे सगळ्यात सोपं, म्हणून पटकन उरकू. पाण्याचं अपघटन व्हायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात कार्बनच्या अग्रांवर २ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त विभवांतर दिल्याशिवाय डोळ्यांना दिसतील इतके बुडबुडे सुटत नाहीत. त्यामुळे १.५ व्होल्टचा एक सेल पुरत नाही. चार सेल एकसर जोडून ६ व्होल्ट करा. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरीही चालते, पण ती लवकर उतरते.

दुसरं कारण पाणी. बॅटरीच्या दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर तसंच वापरलं तर वीज जवळपास वाहतच नाही. शुद्ध पाण्यात कोणत्याही क्षणी सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एकाच रेणूचं विचरण झालेलं असतं, म्हणजे तो आयनांत विभागलेला असतो. इतक्या थोड्या आयनांकडून विद्युतधारा वाहून नेली जात नाही. पाण्यात विद्युत अपघटनी पदार्थ घालावाच लागतो. कोणता घालायचा हा खरा प्रश्न आहे, तो पुढे येतोच.

तिसरं कारण पेन्सिल. दोन्ही टोकांना तासलेली पेन्सिल अग्र म्हणून छान चालते, पण ती एकदा जमिनीवर पडली असेल तर आतलं शिसं (ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच) मध्येच तुटलेलं असू शकतं. बाहेरून काही कळत नाही. मल्टीमीटर असेल तर दोन टोकांमधला रोध मोजा. नसेल तर एकसर जोडलेले तेच चार सेल, छोटा एलईडी आणि एक रोधक घेऊन परिपथात पेन्सिल जोडा आणि एलईडी लागतो का बघा. जुन्या झिंक-कार्बन सेलमधली कार्बन कांडी वापरणार असाल तर तिच्यावर बऱ्याचदा मेणाचा अंश असतो, ती पॉलिश पेपरने घासून घ्या. अल्कलाइन सेल मात्र फोडू नका. त्यात कार्बनची कांडी नसते, उलट त्वचा भाजणारा पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतो.

पाणी हिरवं, निळं किंवा तांबूस होतं

रंग आला म्हणजे धातू विरघळतोय. लोखंडी खिळे किंवा टाचण्या असतील तर आधी हिरवट आणि मग तांबूस गाळ तयार होतो. तांब्याची तार असेल तर निळसर-हिरवा रंग येतो. धनाग्रावरच्या धातूचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन होतात आणि द्रावणात उतरतात. तेवढे इलेक्ट्रॉन धातूकडूनच मिळाले, म्हणून पाण्याकडून घेण्याची गरज उरली नाही, आणि ऑक्सिजनची नळी रिकामी राहिली.

"पण आम्ही तर कार्बनच वापरला!" असं अनेकजण सांगतात. अशा वेळी क्लिप बघा. पेन्सिलला लावलेली क्रोकोडाइल क्लिप पाण्यात बुडली असेल तर तीच धनाग्र बनते. तिच्या दातांजवळ निळा-हिरवा थर दिसतो, काही मिनिटांत दात झिजायला लागतात. क्लिप आणि उघडी तार कायम पाण्याच्या वर ठेवा. वर ठेवता येत नसेल, तर प्लास्टिकच्या डब्याच्या तळाला दोन भोकं पाडून त्यातून पेन्सिलची शिसं वर काढा, एम-सीलने भोकं बुजवा आणि तारांची जोडणी डब्याखाली करा. एम-सील पूर्ण वाळेपर्यंत पाणी भरू नका.

स्टीलचे चमचे धनाग्र म्हणून वापरू नयेत. स्टीलमध्ये क्रोमियम असतं आणि ते षट्संयुजी रूपात (Cr⁶⁺) द्रावणात उतरू शकतं. ते विषारी आहे. ऋणाग्र म्हणून मात्र स्टील बिनधास्त वापरा, कारण तिथे धातूकडून इलेक्ट्रॉन काढले जात नाहीत, उलट पुरवले जातात, त्यामुळे तो विरघळत नाही.

मीठ घातलं, कार्बन वापरला, तरी ऑक्सिजन नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण चुका इथेच सगळ्यात जास्त होतात आणि शिकण्यासारखंही इथेच सगळ्यात जास्त आहे.

मीठ घरात असतं, पाण्यात लगेच विरघळतं, वीजही छान वाहते. म्हणून सगळे मीठ घालतात. पण मिठाच्या पाण्यात धनाग्रापाशी दोघं इलेक्ट्रॉन द्यायला तयार असतात: पाणी आणि क्लोराइड आयन. कोण किती सहज इलेक्ट्रॉन देतं ते दाखवणाऱ्या प्रमाण विभवांच्या तक्त्यात पाण्यापासून ऑक्सिजनचा आकडा १.२३ व्होल्ट आहे आणि क्लोराइडपासून क्लोरीनचा १.३६ व्होल्ट. नुसता तक्ता पाहिला तर पाणी आधी अपघटित व्हायला हवं. तसं होत नाही. ऑक्सिजनचा एक रेणू तयार व्हायला पाण्याच्या दोन रेणूंकडून चार इलेक्ट्रॉन निघावे लागतात आणि दोन ऑक्सिजन अणूंची जोडी जमावी लागते. अग्राच्या पृष्ठभागावर ही क्रिया रेंगाळते, तिला तक्त्यातल्या आकड्यापेक्षा बरंच जास्त विभवांतर लागतं. क्लोरीनचं काम दोन इलेक्ट्रॉनमध्ये भागतं आणि ते सहज होतं. म्हणून मीठ भरपूर असेल तर मुख्यतः क्लोरीनच सुटतो, आणि मीठ अगदी चिमूटभर असेल तर ऑक्सिजनचा वाटा वाढतो.

हा क्लोरीन नळीत फारसा दिसत नाही, कारण तो पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो. ऋणाग्रापाशी तयार झालेल्या हायड्रॉक्साइडशी त्याची गाठ पडली की हायपोक्लोराइट बनतं, म्हणजे कपड्यांचे डाग घालवायच्या द्रावणातला मुख्य घटक. नळी रिकामी राहते ती यामुळे. ब्लीचिंग पावडरसारखा वास आला तर निदान पक्कं समजा. लगेच बॅटरी काढा आणि खिडक्या उघडा. क्लोरीन विषारी आहे, मुद्दाम वास घेऊन बघू नका. कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन बनवणारे कारखाने नेमकी हीच क्रिया करतात, फक्त तिथे दोन्ही बाजू पडद्याने वेगळ्या ठेवलेल्या असतात.

नळाच्या पाण्यातही थोडे क्लोराइड असतात. बोअरचं जड पाणी असेल तर ऋणाग्रावर पांढरा थर धरतो. तिथे पाणी अल्कधर्मी होतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमचे न विरघळणारे क्षार अग्रावर बसतात. थर जाड झाला की धारा कमी होते. अग्र व्हिनेगरमध्ये बुडवून, धुऊन घ्या आणि पाणी बदला.

मग पाण्यात घालायचं काय?

असा पदार्थ हवा की ज्याचे आयन वीज वाहून नेतील, पण ज्याच्या ऋण आयनांना इलेक्ट्रॉन द्यायची घाई नाही आणि धन आयनांना घ्यायची नाही. सोडियम सल्फेट या कसोटीला उतरतं. सल्फेट इलेक्ट्रॉन सहज सोडत नाही, सोडियम आयन पाण्याच्या आधी इलेक्ट्रॉन घेत नाही, त्यामुळे दोन्ही वायू पाण्यातूनच येतात. १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात साधारण १० ग्रॅम पुरतं. शाळेच्या प्रयोगशाळेत विरल सल्फ्युरिक आम्ल वापरतात, तेही याच कारणासाठी. ते शिक्षकांच्या हातूनच तयार व्हायला हवं: आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं आम्ल घरी ओतून घेण्याचा विचारही करू नका.

घरात मिळणाऱ्या गोष्टींपैकी धुण्याचा सोडा बरा. खाण्याचा सोडाही चालतो, पण धनाग्रापाशी तयार होणाऱ्या आम्लामुळे त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि ऑक्सिजनमध्ये मिसळतो. गुणोत्तर मोजायचं असेल तर तो टाळा. तुरटी घातली तर ऋणाग्राभोवती जेलीसारखा पांढरा साका धरतो, तो ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. एप्सम सॉल्टने मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा साका येतो. प्रयोग त्यातही होतो, पण भांडं गढूळ दिसतं आणि परीक्षकांना प्रत्येक वेळी ते समजावून सांगत बसावं लागतं.

सोडियम सल्फेट वापरण्याचा आणखी एक फायदा मला फार आवडतो. द्रावणात जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क घाला. काही मिनिटांत ऋणाग्राभोवती हिरवा आणि धनाग्राभोवती गुलाबी रंग उमटतो. ऋणाग्रावर पाण्यातून हायड्रोजन गेला की हायड्रॉक्साइड मागे राहतो. धनाग्रावर ऑक्सिजन गेला की हायड्रोजन आयन मागे राहतात. वहीतली दोन्ही समीकरणं तिथे रंगांत दिसतात. बॅटरी काढून द्रावण ढवळलं की दोघं एकमेकांना उदासीन करतात आणि मूळचा रंग परत येतो. मिठाच्या पाण्यात हे जमत नाही, कारण क्लोरीन रंगच उडवून टाकतो.

दोन्हीकडे वायू येतो, पण प्रमाण २:१ नाही

इथवर पोचलात म्हणजे प्रयोग बरोबर चाललाय. आता उरतात बारकावे.

किती वायू यायला हवा, ते आधी काढा. फॅराडेच्या नियमांनुसार १ मोल इलेक्ट्रॉनसाठी सुमारे ९६,४८५ कूलोम प्रभार लागतो. समजा ०.१ अँपिअर धारा १० मिनिटं वाहिली. प्रभार झाला ०.१ × ६०० = ६० कूलोम. हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून ६० ला ९६,४८५ च्या दुपटीने भागा. येतात ०.०००३११ मोल. २५ अंश सेल्सिअसला १ मोल वायू सुमारे २४.५ लीटर जागा घेतो, म्हणजे हायड्रोजन साधारण ७.६ मिली आणि ऑक्सिजन ३.८ मिली.

आता ऑक्सिजनच्या त्या ३.८ मिलीकडे बघा. शुद्ध ऑक्सिजनच्या संपर्कातलं १०० मिली पाणी २५ अंशांना जवळपास ३ मिली ऑक्सिजन विरघळवून घेऊ शकतं. पाण्यात हवेतला थोडा ऑक्सिजन आधीच असतो आणि सगळा नवा वायू विरघळायला वेळही मिळत नाही, पण १ मिली जरी गेला तरी गुणोत्तर २:१ वरून २.७:१ वर जातं. हायड्रोजनही विरघळतो, मात्र तो कमी विरघळतो आणि मुळात दुप्पट असतो, त्यामुळे त्याच्या आकड्याला तेवढा धक्का बसत नाही. उपाय सोपा आहे. मोजायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं अपघटन नुसतं चालू ठेवा, पाणी वायूंनी संपृक्त होऊ द्या, मग नळ्या त्याच द्रावणाने पुन्हा भरून मोजणी सुरू करा. नळ्या उपड्या करताना वर हवेचा बुडबुडा राहिला तर पुन्हा भरा.

दुसरी गळती कार्बनमधून होते. कार्बनचं धनाग्र तयार होणाऱ्या ऑक्सिजनशी थोडी अभिक्रिया करतं, कार्बन डायऑक्साइड बनतो, आणि कांडी हळूहळू झडते. तळाला काळी पूड दिसते ती तीच. इथेही उत्तर त्याच पहिल्या प्रश्नात आहे: थोडे इलेक्ट्रॉन कार्बनने दिले. धारा कमी ठेवली की झड कमी होते. शाळेत याच प्रयोगासाठी असलेल्या काचेच्या हॉफमन उपकरणाची अग्रं प्लॅटिनमची असतात ती म्हणूनच.

नळ्यांतली पाण्याची पातळी समान नसणं हे कारण पुष्कळजण पुढे करतात. त्याचा परिणाम नगण्य आहे. वातावरणाचा दाब सुमारे १०३३ सेंमी पाण्याच्या स्तंभाइतका असतो, त्यामुळे पातळीत १० सेंमीचा फरक असला तरी आकारमान जेमतेम १ टक्क्याने बदलतं.

आलेलं प्रमाण २.३:१ असेल तर वहीत २.३:१ च लिहा आणि खाली कारण लिहा. प्रयोगवहीत २० मिली आणि १० मिली असे अगदी तंतोतंत जुळणारे आकडे पाहिले की मला वाईट वाटतं, कारण त्या मुलाने ऑक्सिजन कुठे गेला हे शोधायची संधी घालवलेली असते.

दोन्ही नळ्यांत सारखाच वायू

हे लक्षण दिसलं आणि बॅटरीऐवजी बॅटरी एलिमिनेटर (घरच्या विजेवर चालणारा पुरवठा) लावला असेल तर तो आधी बंद करा. तो एसीवर (प्रत्यावर्ती धारेवर) असण्याची शक्यता मोठी आहे. धारेची दिशा सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होत असेल तर प्रत्येक अग्र आळीपाळीने धनाग्र आणि ऋणाग्र बनतं आणि दोन्ही नळ्यांत हायड्रोजन-ऑक्सिजनचं मिश्रण जमतं. हे मिश्रण पेटवलं तर स्फोट होतो. अशा नळीजवळ काडी नेऊ नका, नळ्या मोकळ्या हवेत रिकाम्या करा. घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला तर हा प्रयोग कोणत्याही परिस्थितीत जोडायचा नाही.

धन टोक कोणतं ते कळत नसेल तर गाळण कागद हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवा, मिठाच्या पाण्याने ओला करा आणि दोन्ही तारा थोड्या अंतरावर टेकवा. ऋण तारेखाली लाल ठिपका उमटतो. दोन्हीकडे लाल आलं तर पुरवठा एसी आहे.

वायू ओळखताना धुमसती अगरबत्ती ऑक्सिजनच्या नळीत धरा, तिचं टोक भडकून उठतं. हायड्रोजनच्या नळीचं तोंड खाली ठेवून पेटती काडी जवळ नेली की फट् आवाज होतो. नळी छोटी घ्या, चष्मा लावा, मोठं माणूस जवळ असू द्या.

तांब्याचा मुलामा देताना

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात किल्लीवर तांबं चढवण्याचा प्रयोग याच कुळातला, पण इथे धनाग्राने विरघळावं हीच आपली इच्छा असते. तांब्याची पट्टी धनाग्र ठेवली की ती इलेक्ट्रॉन देते, तिचे आयन द्रावणात येतात, आणि तेवढेच आयन ऋणाग्रावर तांबं म्हणून बसतात. त्यामुळे द्रावणाचा निळा रंग टिकतो. धनाग्र कार्बनचं असेल तर तांब्याचा पुरवठा होत नाही आणि निळा रंग फिका पडत जातो.

किल्ली लोखंडी असेल तर तिच्यावर वीज न जोडताच तांबं बसतं आणि बोटाने पुसलं जातं. लोखंड तांब्याला विस्थापित करतं, हा थर सैल असतो. पितळी किल्ली घ्या. थर काळपट आणि भुसभुशीत आला तर धारा जास्त आहे. पृष्ठभागाच्या दर चौरस सेंटिमीटरला १० ते २० मिलिअँपिअर पुरे. इथे ९ व्होल्टची बॅटरी नको, एक सेल पुरतो, कारण पाणी फोडायचं नसून एकाच धातूची ने-आण करायची असते.

आणि "वजन वाढलंच नाही" ही तक्रार. ०.१ अँपिअरने अर्धा तास मुलामा दिला तर १८० कूलोम वाहतात आणि फक्त ०.०५९ ग्रॅम तांबं बसतं. ०.१ ग्रॅमपर्यंतच मोजणारा काटा ते दाखवूच शकत नाही. धारा वाढवलीत तर थर पुन्हा काळा पडेल, म्हणून वेळ वाढवा: तेवढ्याच धारेने तीन तासांत सुमारे ०.३६ ग्रॅम बसतं. वजन करायच्या आधी किल्ली पाण्याने हलकेच धुवा, पुसू नका, पूर्ण वाळू द्या.